व्याह्यांची तुती

लाकूड विकत घेणारी माणसं भुसाकाकांना आळशी वाटत. वखारीत जायचं, बोट दाखवायचं, फळ्या गाडीवर टाकून घरी यायचं, यात कसलं आलंय कर्तृत्व, असं त्यांचं मत होतं आणि कुणी विचारलं नाही तरी ते देत. लाकूड शोधावं लागतं. कुणाच्या तरी कुंपणाबाहेर ते पडलेलं असतं, कुणाला तरी ते नकोसं झालेलं असतं, आणि ते जळणात किंवा कचऱ्याच्या गाडीत जायच्या आत आपण तिथे पोचायचं असतं. "न्या हो एकदाचं" एवढे शब्द कानावर पडले की काकांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

नोकरीभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाले आणि बंद पडलेल्या एका खोक्यांच्या कारखान्यातून दोन रुळांवर सरकणारी, मोटरच्या चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरवणारी आडवी करवत घरी घेऊन आले. मागच्या अंगणात ती बसवली, वर पत्रा घातला आणि ओंडके उचलायला जुन्या लिफ्टची कप्पी आणि साखळी टांगली. पहिल्याच आठवड्यात भुसा उडून शेजारणीच्या ओल्या चादरींवर बसला. तेव्हापासून गल्लीत त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही.

फुकटचे ओंडके मिळवण्याचं काकांचं एक शास्त्र होतं. थेट मागायचं नाही, हा त्यातला मुख्य भाग. विजेच्या तारांना अडणारी झाडं तोडणारी टोळी आज कुठे लागली आहे याचा सुगावा काढायचा, सहज फिरत आल्यासारखं तिथे जाऊन उभं राहायचं, मुकादमाला चहा पाजायचा आणि मग त्याच्याच वतीने कुरकुर सुरू करायची. एवढं जड खोड, हे आता उचलायचं कुणी, टेम्पोचे पाटे जायचे, माणसांच्या कमरा जायच्या. मुकादम पुरता हवालदिल झाला की मोठ्या मनाने म्हणायचं, "राहू दे, मी बघतो त्याचं काय करायचं ते." वर मुकादमच आभार मानायचा आणि ओंडका काकांच्या ट्रॉलीवर चढवायला दोन माणसंही द्यायचा.

काकांचे कान तर या कामासाठीच घडवल्यासारखे होते. जेवताजेवता लांबून झाड कापायच्या यंत्राची घरघर आली की घास हातात तसाच राही आणि मान आवाजाच्या दिशेने वळे. "माझं बोलणं कधी इतकं कान देऊन ऐकलं असतंत तर संसार सोन्याचा झाला असता," काकू म्हणत. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. हे वाक्यही काकांना ऐकू येत नसे.

आता रंगाचं सांगायला हवं. ओंडक्याची कापलेली टोकं उघडी राहिली तर तिथून लाकूड घाईने सुकतं आणि तडकतं. म्हणून ओंडका हाती लागला की आधी टोकांना रंग फासायचा, बाकीचं मग. काकांकडे फाटकाला लावून उरलेला हिरवा रंग होता. त्यातूनच एक कायदा तयार झाला होता, की ज्याचा रंग त्याचा ओंडका. हा कायदा मानणारी माणसं गावात दोनच होती. एक काका, आणि दुसरे त्यांचे व्याही.

व्याही दातांचे निवृत्त डॉक्टर. उंच, हळू बोलणारे, कपड्यांना सुरकुती नसलेले. हा नाद त्यांना काकांनीच लावला, आणि त्याचा काकांना रोज पश्चात्ताप होई. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा व्याही पहिल्यांदा घरी आले, आणि काकांनी त्यांना दिवाणखान्यात बसवायचं सोडून सरळ मागच्या अंगणात नेलं. अर्धा तास करवत दाखवली, बढाया मारल्या. डॉक्टर मान हलवत गुपचूप ऐकत होते. लग्नानंतर वर्ष पुरं व्हायच्या आत डॉक्टरांच्या मागच्या आवारात करवत उभी राहिली. नवी कोरी, काकांच्या करवतीपेक्षा हातभर रुंद. शिवाय लाकडात दडलेलं लोखंड शोधणारं, मोठ्या दुकानांच्या दारात पहारेकऱ्याकडे असतं तसलं एक यंत्र. डॉक्टर पांढरा एप्रन घालून, कपाळाला दिवा लावून लाकूड कापत. ओंडक्याच्या टोकांना रंगही पांढराच लावत. दुसरा कुठला सुचणार म्हणा.

व्याह्यांशी भांडता येत नाही, ही काकांची खरी पंचाईत होती. मुकादमाशी भांडता येतं, बायकोशी तर येतंच येतं, पण व्याह्यांशी हसूनच बोलावं लागतं. एकदा रस्त्याकडेला पडलेल्या एका झकास निलगिरीपाशी दोघं एकाच वेळी पोचले. "तुम्ही घ्या," काका म्हणाले. "छे छे, मान तुमचा," डॉक्टर म्हणाले. काका नम्रतेने आणखी थोडे वाकले, आणि ते सरळ होईपर्यंत डॉक्टरांच्या खिशातून ब्रश बाहेर येऊन निलगिरीचं एक टोक पांढरं झालेलं होतं. त्या दिवसापासून काकाही ब्रश शर्टाच्या खिशात पेनासारखा लावून हिंडू लागले.

तशात मुलीला दिवस गेले.

मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला सासरी राहायची. काका तिच्याकडे फारसे जात नसत. सारखं सारखं मुलीच्या सासरी जाणं बरं दिसत नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. कधी गेलेच तर सोफ्याच्या कडेवर बसायचे, चहा प्यायचे आणि कप खाली ठेवता ठेवता उठायचे. त्या घरात ती सासऱ्यांना "बाबा" म्हणते हे ऐकलं की त्यांचा चहा आणखी घाईने संपे. इतकी वर्षं बाबा एकच होता. चहा संपला की ज्याला उठून जावं लागणार नाही असं आपल्या हातचं काहीतरी त्या घरात असावं, असं त्यांना फार वाटे. म्हणून बातमी कळल्या कळल्या ते म्हणाले, "पाळणा मी करणार." आणि त्याच संध्याकाळी काकूंना विहीणबाईंचा फोन आला, की आमच्या ह्यांनी पाळणा करायला घ्यायचं ठरवलंय.

निवाडा मुलीने केला. "खोली एवढीशी आहे, दोन पाळणे मावायचे नाहीत," ती म्हणाली. "आणि लाकूड तुतीचं हवं. त्या बंद लाँड्रीच्या आवारातली तुती तोडणार आहेत म्हणे. तिच्याखाली मी अर्धं लहानपण घालवलंय. पाळणा तिचाच करा. कुणी करायचा ते तुम्ही दोघं बघा, मला भांडण नको." हे सगळं तिने चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगितलं. मुलगी काकांचीच होती, त्यामुळे तिच्या मनात काय चाललंय ते कुणाला कळायचं नाही.

त्या दिवसापासून काका डोळ्यांत तेल घालून तुतीवर लक्ष ठेवू लागले. लाँड्री बंद होऊन बरेच दिवस झाले होते. तिची जागा कुणीतरी घेतली होती आणि तिथे गोदाम उभं राहणार होतं. आवारात गंजलेली धुण्याची यंत्रं, फुटक्या टाक्या आणि मधोमध ती म्हातारी तुती. राखण करायला लाँड्रीतलाच जुना इस्त्रीवाला राहत होता. तुतीचं खोड कमरेपाशी एका माणसाच्या कवेत जेमतेम येईल एवढं. काका रोज तिच्याभोवती एक फेरी मारून येत.

मुकादमाने खबर दिली, उद्या सकाळी तोडतोय. खबर ऐकून काका खूश झाले आणि लगेच धास्तावले, कारण लाँड्रीचा जुना मालक डॉक्टरांकडे दात दाखवायला जायचा, म्हणजे त्यांनाही कळलेलं असणार. उद्या झाड आडवं होताच पांढरा ब्रश खिशातून बाहेर येणार. आजच काहीतरी करायला हवं. दुपारी काका हिरव्या रंगाचा डबा घेऊन आवारात शिरले.

पण उभ्या झाडाला टोक कुठून आणायचं? काकांनी तुतीला दोन प्रदक्षिणा घातल्या. मग त्यांना दिसलं, की फार पूर्वी कुणीतरी एक फांदी छाटली होती आणि तिचा थोटका बुंधा खोडाला तसाच राहिला होता. छाटलेला म्हणजे कापलेला, आणि कापलेलं ते टोक. काकांनी स्वतःच्या कोर्टात स्वतःच्या बाजूने निकाल दिला आणि थोटकाला हिरवागार रंग फासला.

"काय करताय हो?" मागून इस्त्रीवाल्याने विचारलं.

"औषध लावतोय," काका न वळता म्हणाले.

"उद्या तर तोडणार आहेत त्याला."

"म्हणूनच. दुखायला नको."

इस्त्रीवाल्याने डब्यात डोकावून पाहिलं आणि तो आपल्या खोलीकडे परत गेला.

तरी काकांना चैन पडेना. रंग लावला खरा, पण उभ्या झाडावरचा रंग डॉक्टर मानतील कशावरून? त्यांनी उद्या सकाळी घराबाहेरच पडता कामा नये. काका स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना म्हणाले, "उद्या तुझी दाढ दुखणार आहे."

"माझी दाढ चांगली आहे."

"ती दुखणार आहे. तू सकाळी व्याह्यांकडे जायचंस. घरी त्यांची ती दवाखान्यातली जुनी खुर्ची आहे अजून, घरच्या माणसाला ते नाही म्हणणार नाहीत. तोंड उघडून बसायचं, बास. बाकी मी बघतो."

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर विरघळून गेला असता. मग हात पुसत त्या म्हणाल्या, "मागची खोली रिकामी करून द्यायची. एकूण एक फळी बाहेर. माझं शिलाई मशीन परत तिथे जाणार." मागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फळ्या सुकत पडल्या होत्या. काकांना तो सौदा जिवावर आला, पण तुती डोळ्यांसमोर होती. त्यांनी कबूल केलं.

सकाळी काकू गालावर हात ठेवून बसमध्ये चढल्या आणि काका ट्रॉली घेऊन लाँड्रीवर गेले. डॉक्टरांचा मागमूस नव्हता. तुती करकरत आडवी झाली, मुकादमाच्या माणसांनी फांद्या उतरवल्या, आणि खोडाचे दोन काप होईपर्यंत काकांचा ब्रश चारही टोकांवर फिरून आला होता. जाड बुंध्याचा ओंडका साखळीने ओढून ट्रॉलीवर चढवला. वरचा हलका भाग मुकादमाने जळणाला ठेवून घेतला. इस्त्रीवाला शेजारी उभा राहून सगळं पाहत होता. थोटकाच्या हिरव्या रंगाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "औषधाचा काही गुण आला नाही वाटतं."

काका आनंदात घरी आले. इतक्या आनंदात, की दम खायलाही थांबले नाहीत. ओंडका रुळांमधल्या चौकटीवर चढवला, पाचरी ठोकल्या, कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड वाट्या चढवल्या आणि मोटर सुरू केली. पहिल्या कापाने साल सुटली. दुसऱ्या कापाने आतलं लाकूड उघडं पडलं, आणि ते इतकं पिवळंधमक होतं की काका क्षणभर बघतच राहिले. पाळण्याच्या बाजू अशा पिवळ्या, वर नुसतं तेल, आणि बाळाने डोळे उघडले की आधी आजोबांचं काम दिसणार. मग बाकीचे लोक.

तिसरा काप सुरू असताना काकू फाटकातून आल्या. हातवारे करत त्या काहीतरी सांगत होत्या. कानांवर वाट्या असल्यामुळे काकांना फक्त हलणारं तोंड दिसलं, आणि ते त्यांनी सवयीने समजून घेतलं. खोलीचं म्हणत असणार. "हो हो, संध्याकाळी करतो रिकामी," ते ओरडले. काकूंनी कपाळावर हात मारला आणि त्या आणखी जवळ आल्या. काकांनी हसून मान डोलावली आणि करवत पुढे रेटली.

करवत किंचाळली. ठिणग्या उडाल्या, पातं तुटून झाकणाच्या आत फटकन आपटलं, चाकावरचा रबरी पट्टा फाटून बाहेर लोंबला आणि मोटर घुर्र करून थांबली. काकांनी वाट्या काढल्या.

"आकडे आहेत त्यात," काकू म्हणाल्या. "लोखंडी. लाँड्रीवाले कपडे वाळवायच्या दोऱ्या त्या झाडाला बांधायचे. डॉक्टरांनी मुद्दाम सांगून पाठवलंय, सावकाश कापा म्हणून. मी केव्हाची तेच ओरडतेय."

"त्यांना काय माहीत?"

"पहाटे जाऊन आले होते ते. यंत्र फिरवून पाहिलं म्हणाले."

काकांना काही उमगेना. "पहाटे गेले होते, तर मग ते थांबले का नाहीत?"

"तुमचा हिरवा रंग दिसला ना. उभ्या झाडाला रंग लावणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला म्हणाले, पण रंग म्हणजे रंग. आले माघारी."

काका करवतीच्या रुळावर बसले. मग त्यांनी विचारलं, "आणि दाढ?"

"दाढ ठणठणीत आहे. खुर्चीत बसता बसताच कळलं त्यांना. तरी सगळे दात साफ करून दिले. अगदी निवांत. मी उठायला लागले तर म्हणाले, बसा हो, व्याह्यांना ओंडका चढवायला वेळ लागेल." काकू आत जायला वळल्या आणि दारातून म्हणाल्या, "खोलीचं मात्र विसरू नका. माझं काम मी केलंय."

काकांनी त्या दिवशी मुकाट्याने मागची खोली रिकामी केली. फळ्या बाहेर आणता आणता ते चिडत होते, आणि नेमकं कुणावर चिडायचं ते ठरत नव्हतं. समोरच्या माणसाने लबाडी केली असती तर बरं झालं असतं. हा तर सगळं ओळखून गप्प बसला, वर सावकाश कापा म्हणून निरोपही पाठवला. अशा माणसाशी स्पर्धा करायची तरी कशी. शिवाय चाकाचा रबर बाहेरून मागवावा लागणार होता आणि तोवर करवत बंद. फळ्या आत्ताच कापून सुकायला टाकल्या नाहीत तर बाळ येईल आणि पाळणा येणार नाही. हिशोब कसाही मांडला तरी उत्तर एकच येत होतं. दुसऱ्या दिवशी काकांनी ओंडका परत ट्रॉलीवर चढवला आणि ते डॉक्टरांच्या मागच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

"या या," डॉक्टर म्हणाले. एप्रन घालून ते जणू वाटच पाहत होते. "आधी चहा घेऊ."

"आधी ओंडका," काका म्हणाले. सोफ्याच्या कडेची त्यांना आठवण नको होती. "आणि कायद्याने तो माझा आहे."

"त्यात वादच नाही."

वादच नाही म्हटल्यावर काकांनी वाटेत तयार केलेलं सगळं भाषण वाया गेलं.

डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावला आणि यंत्र ओंडक्यावरून हळूहळू फिरवलं. ते जिथे जिथे पिरपिरलं तिथे खडूने फुली मारली. मग पटाशीने लाकूड जरासं कोरून, पकडीत आकडा धरून ते तो हलवू लागले. पुढे, मागे, पुढे, मागे. "थोडं दुखेल हं," ते सवयीने ओंडक्याला म्हणाले. काकांना हसू आलं आणि ते त्यांनी खोकल्यात लपवलं. एकेक गंजका आकडा खण्णकन बादलीत पडत होता. वर्षानुवर्षं झाडाने गिळलेले आकडे ते. काही इतके खोल होते, की काकांनी ट्रॉलीवर बरोबर आणलेली साखळी आणि कप्पी लावून ओंडका वळवून दिल्याशिवाय ते हाती लागले नसते.

स्वयंपाकघराच्या खिडकीत मुलगी आली. एका हाताने कंबर धरून तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"भांडताय का?"

"छे," दोघं एकदम म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि जराशी निराश होऊन आत गेली.

शेवटचा आकडा निघाला तसं डॉक्टरांनी करवत सुरू केली. रुंद पात्याखालून पातळ पिवळ्या फळ्या एकामागून एक सुटू लागल्या. एक टोक काका धरत, दुसरं डॉक्टर. आकड्यांच्या जागी लाकडावर निळेकाळे डाग पडले होते. बाकी लाकूड स्वच्छ होतं. अख्खा ओंडका संपला. मोटर बंद झाली आणि मग काकांच्या तोंडून ते बाहेर पडलं. आदल्या दिवसापासून नाही, मुलीचं लग्न झाल्यापासून आत होतं ते.

"तुमच्याकडे ती आहे की. सकाळ संध्याकाळ आहे. तुम्हाला बाबा म्हणते. मला निदान पाळणा तरी करू द्यायचा होतात. तुम्हाला काय गरज होती या सगळ्याची? ही करवत, हे ओंडके. माझ्याकडे एवढंच होतं."

बोलून झाल्यावर काकांना भयंकर लाज वाटली. व्याह्यांशी कुणी असं बोलतं का. डॉक्टर कपाळावरचा दिवा काढून त्याची काच एप्रनला पुसत बसले.

"तुम्हाला एक सांगू?" ते म्हणाले. "जन्मभर मी लोकांशी बोललो, पण त्यांच्या तोंडात माझे हात असायचे. उत्तर ऐकायची सवयच गेली. आमच्या घरात आम्ही नवरा-बायको आणि मुलगा, तिघं तीन खोल्यांत गप्प असायचो आणि त्याला आम्ही शांतता म्हणायचो. त्यात ही आली. कितीतरी दिवस 'हो बाबा', 'नको बाबा', याच्या पुढे शब्द नाही. मला वाटलं, पोरगी इथे कोमेजणार. एक दिवस सहज विचारलं, तुझे बाबा एवढ्या भुशाचं करतात तरी काय? तर तासभर बोलत होती."

"माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दलच. दुसऱ्या दिवशी विचारलं, ओंडक्याला रंग का लावतात. परत तासभर. असं रोज विचारत गेलो. मग माझे प्रश्न संपले. नवीन कुठून आणायचे? म्हणून करवत घेतली."

काकांनी आवारात मान वळवून पाहिलं. "म्हणजे ती निलगिरी..."

"ती तशीच पडलीय तिकडे. तिचं काय करायचं मला कुठे माहीत आहे. पण ती तुमच्या हातावर तुरी देऊन कशी आणली हे सांगितलं तेव्हा पोरगी हसून हसून लाल झाली. म्हणाली, आता बाबा खिशात ब्रश ठेवायला लागतील बघा." डॉक्टरांनी काकांच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं आणि सभ्यपणे नजर दुसरीकडे वळवली. "दिवसभर या घरात तुमचंच चाललेलं असतं. आम्ही तिघं ऐकतो."

काकांना आता रडू येणार असं वाटलं, आणि ते व्याह्यांच्या देखत येणार याचा रागही आला. त्यांनी उगाचच एक फळी उचलली, तिच्या कडेवरून नजर फिरवली, डागावर बोट घासून पाहिलं आणि ती परत जागेवर ठेवली. आतून मुलीचा आवाज येत होता. सासूला ती काहीतरी सांगत होती, आणि मध्येच सासू मोठ्याने हसली.

"पाळणा तुम्ही करा," काका म्हणाले.

"मी? ओंडका तुमचा आहे."

"तुमची करवत चालू आहे, माझी बंद. आणि तुमचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, ते आत्ता पाहिलं मी. तुम्हीच करा. पण या फळ्या सुकेपर्यंत रोज उलटायला लागतात, नाहीतर वाकतात. ते तुमच्याच्याने व्हायचं नाही, तुम्ही विसराल. तेवढ्यासाठी मी येत जाईन."

"या की."

"पुढे सांधे करताना तुमच्या चुका होतील. त्या काढायलाही कुणीतरी लागेल."

"होतील ना. पुष्कळ होतील."

"म्हणजे मला रोजच यावं लागणार," काका करवतीकडे बघत म्हणाले. "पाळणा पुरा होईपर्यंत."

डॉक्टरांनी एप्रनची गाठ सोडली, एप्रन घडी करून करवतीवर ठेवला आणि काकांसाठी घराचं मागचं दार उघडून धरलं.

"मग मी जरा सावकाशच करतो," ते म्हणाले.